आपत्कालीन वैद्यकीय स्वयंसेवक (ग्रामीण नाशिक)

अपघात, सर्पदंश, अडलेले बाळंतपण किंवा हृदयविकाराचा झटका अशा प्रसंगी रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सांभाळणारे गावातलेच लोक. हे सरकारी पद नाही. सर्पमित्र, जीपचालक, घाटातले हॉटेलवाले, महामार्गालगतचे शेतकरी असे कोणीही हे काम करतात. आशा कार्यकर्त्या शासकीय आरोग्य यंत्रणेशी जोडलेल्या असल्या, तरी पाड्यावर रात्री पहिली हाक बहुधा त्यांनाच जाते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ गाड्यांत प्रगत उपचारांची सोय होती. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत काही पाड्यांपर्यंत गाडी जातच नाही. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्ण येतो तो डोलीत. बांबूला चादर किंवा घोंगडी बांधायची, दोघांनी बांबू खांद्यावर घ्यायचा, बाकीच्यांनी मधूनमधून खांदेपालट करायची. तापाने फणफणलेल्या माणसासाठी ही सोय चालून जाते. झाडावरून किंवा कड्यावरून पडलेल्याला मात्र डोलीत घालू नये, कारण झोळात पाठीचा कणा वाकतो. त्याला फळीवर किंवा शिडीवर सरळ बांधून आणावे लागते. पावसात, निसरड्या पायवाटेने हे करणे सांगण्याइतके सोपे नाही.

या कामात काय करू नये हे शिकणेच मोठे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे इथले चार प्रमुख विषारी साप. दंशावर ब्लेड मारणे, विष चोखणे, दोरीने घट्ट आवळणे हे सगळे घातक. दंश झालेला हात किंवा पाय काठीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, अंगठी, जोडवी, बांगड्या काढाव्यात आणि रुग्णाला चालवू नये. मण्यार बहुधा जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही कधी दिसत नाही. मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, जीभ अडखळते. ते ओळखून वेळ न घालवता प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयाकडे निघणे, हीच स्वयंसेवकाची खरी कसोटी. भगताकडे जाऊ पाहणाऱ्या घरच्यांना विरोध न करता, मंत्र गाडीत म्हणा, असे सांगणारा कार्यकर्ता जास्त उपयोगी पडतो.

हृदय बंद पडल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. त्याने माणूस लवकर दमतो, म्हणून जोडीदार हवाच.

रस्ता अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने संरक्षण दिले. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर जखमींना उचलणाऱ्यांना ही तरतूद माहीत असणे गरजेचे आहे. पोलीस चौकशीच्या धास्तीने अजूनही अनेक जण हात आखडता घेतात. ती तरतूद रस्ता अपघातांपुरतीच आहे. पाड्यावरचा सर्पदंश किंवा बाळंतपण तिच्या कक्षेत येत नाही.