तारीख नसलेली वाट

अमेरिकेत वीस-वीस वर्षे राहिलेल्या, ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) असलेल्या माणसांनाही स्थलांतर खात्याच्या कोठडीत महिनोन्‌महिने राहावे लागते, ही बातमी वाचून साताऱ्यातील एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "आमच्या घरच्यांनी वर्ष-वर्ष वाट पाहिली; त्यात एवढे काय?" अपशिंगे मिलिटरीसारखे घरोघर फौजी असलेले गाव ज्यात आहे त्या जिल्ह्यात हा प्रश्न स्वाभाविकच आहे.

परंतु फौजीच्या रजेला तारीख असते. ही कोठडी कायद्याच्या दृष्टीने शिक्षा नसते, म्हणूनच तिला मुदतही नसते. अमेरिकेच्या १९९६च्या कायद्याने ठरावीक गुन्हे नावावर असलेल्या कायम रहिवाशांनाही डांबणे सक्तीचे केले. आणि दर सहा महिन्यांनी जामिनाची सुनावणी मिळण्याचा हक्क या कायद्यात नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ठरवले.

अशी अनिश्चितता शरीरालाही जाचते: लंडनमधील संशोधकांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विजेचा झटका नक्की बसणार हे ठाऊक असलेल्यांपेक्षा तो बसण्याची शक्यता निम्मी असताना लोकांवर अधिक ताण आढळला. ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश धाडते, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. हेच कॉर्टिसॉल मेंदूतील ग्राहींना (संप्रेरक टिपणाऱ्या रेणूंना) चिकटून मूळ संदेश थांबवते. टाकी भरली की तरंगता गोळा नळ बंद करतो, तसे. ताण महिनोन्‌महिने टिकला, तर ग्राहींची संवेदनशीलता घटू शकते, सकाळी चढून रात्री उतरणारी कॉर्टिसॉलची पातळी सपाट होऊ लागते, आणि त्याची झळ झोप, रक्तदाब व रक्तशर्करेला लागते.

लहान मुलांच्या बाबतीत या यंत्रणेचा एक भाग शरीराबाहेर असतो: आई किंवा वडील जवळ असले, की मुलाची ताणाची प्रतिक्रिया सौम्य होते. एक पालक कोठडीत गेला, की घरची कमाई आटते, वकिलाचा खर्च सुरू होतो आणि मागे राहिलेला पालक स्वतःच धास्तावलेला असतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये २०१०च्या एका प्रयोगात, भाषणाच्या परीक्षेने घाबरलेल्या मुलींचे कॉर्टिसॉल आईचा आवाज फोनवर ऐकूनही उतरले. पुढच्या प्रयोगात आईच्या टंकलिखित संदेशाने मात्र तसे झाले नाही. हे ऐकल्यावर सुभेदारांना आपल्या पलटणीतील टेलिफोनपुढची रविवारची रांग आठवली.