सरकारी कार्यालयासाठी इंटरनेट लाइन घेताय? दर मागण्याआधी हे वाचा

(नगरपरिषदा, ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा, शासकीय महाविद्यालये आणि इतर कार्यालयांतील आमच्या ग्राहकांसाठी)

जानेवारी उजाडला की आमच्याकडे एकाच मजकुराचे फोन सुरू होतात : "शंभर एमबीपीएसचं कोटेशन आजच पाठवा, साहेबांची सही घ्यायची आहे." (एमबीपीएस हे इंटरनेटच्या वेगाचं माप.) कोटेशन आम्ही त्याच दिवशी देतो. पण सही झालेली फाइल लेखा शाखेतून परत येते, पुन्हा टिपणी, पुन्हा कोटेशन, आणि तोवर मार्च संपत आलेला असतो. फाइल परत येण्याचं कारण दहातल्या आठ वेळा एकच असतं, म्हणून त्याच्यावर आधी बोलू.

महिन्याचं भाडं म्हणजे खरेदीची किंमत नव्हे

थेट खरेदी करायची, तीन दरपत्रकं मागवायची की ई-निविदा काढायची, हे खरेदीच्या एकूण किमतीवर ठरतं. इंटरनेटचा दर मात्र सगळे महिन्याचा बोलतात. टिपणीत "रु. 9,500 दरमहा" असं लिहिलं जातं, आकडा लहान दिसतो आणि थेट आदेश निघतो.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहा (हे आमचे दर नव्हेत). भाडं दरमहा 9,500, स्थिर आयपीचे (इंटरनेटवरचा तुमच्या कार्यालयाचा न बदलणारा पत्ता) वर्षाला 5,000, जोडणीचा एकदाचा खर्च 15,000. एका वर्षाचे झाले 1,34,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 24,120, म्हणजे 1,58,120. हाच करार तीन वर्षांचा केला तर मूळ रक्कम 3,72,000, जीएसटी 66,960 आणि एकूण 4,38,960. टिपणीतल्या साडेनऊ हजारांची ही खरी किंमत.

करारात "समाधानकारक सेवा असल्यास आणखी एक वर्ष मुदतवाढ" अशी ओळ घालणार असाल तर तेही वर्ष हिशेबात धरा. मुख्य कार्यालय आणि चार उपकार्यालयं यांच्यासाठी एकाच वर्षी पाच वेगळे आदेश काढले, किंवा वर्षाच्या कामाचे तीन-तीन महिन्यांचे चार आदेश केले, तर लेखापरीक्षक त्याला खरेदीचे तुकडे पाडणं म्हणतात. तुमचा हेतू चांगला असला तरी आक्षेप येतोच, आणि उत्तर देताना आदेशावर सही करणाऱ्याची बदली झालेली असते.

थेट खरेदी आणि ई-निविदेच्या आजच्या मर्यादेचे आकडे आम्ही इथे मुद्दाम छापलेले नाहीत. राज्य शासनाच्या 1 डिसेंबर 2016 च्या खरेदी नियमपुस्तिकेत ई-निविदेची मर्यादा 3 लाख होती. नंतरच्या शासन निर्णयांनी ती वाढवली. तरीही अनेक कार्यालयांत जुनीच झेरॉक्स फिरत असते. तुमच्या विभागाला आज लागू असलेला आकडा, तो जीएसटीसह की वगळून, हे लेखा शाखेकडून टिपणीवरच लिहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे महिना जातो.

"100 एमबीपीएस" एवढंच लिहिलं तर काय होतं

तीन दरपत्रकं येतात आणि तिन्ही वेगळ्या वस्तूंची असतात. एकाने घरगुती पद्धतीचं ब्रॉडबँड दिलेलं असतं, त्यात वेग इतरांबरोबर वाटून घ्यायचा. दुसऱ्याने लीज्ड लाइन दिलेली असते, म्हणजे येणारा-जाणारा (डाउनलोड-अपलोड) वेग सारखा आणि तो फक्त तुमचा. तिसऱ्याने जोडणीचा खर्च धरलेलाच नसतो. तुलनात्मक तक्त्यात सर्वांत स्वस्त ब्रॉडबँड ठरतं आणि नियमाने तेच घ्यावं लागतं. दोन महिन्यांनी "कॅमेरे अडकतात" म्हणून आम्हाला फोन येतो. लाइन आमची नसते, पण फोन आम्हालाच येतो.

मागणीपत्रात निदान एवढं असावं : लीज्ड लाइन की ब्रॉडबँड, येण्याचा आणि जाण्याचा वेग वेगवेगळा लिहून, स्थिर आयपी किती, कालावधी महिन्यांत, जोडणीचा पत्ता, इमारत आणि मजला, राउटर कोणी द्यायचा, बॅटरी बॅकअप कोणाचा, दर जीएसटीसह की वगळून.

जाणाऱ्या वेगाकडे सगळे दुर्लक्ष करतात. सीसीटीव्हीचा एक कॅमेरा बाहेरून पाहायचा तर साधारण 2 ते 4 एमबीपीएस जाणारा वेग खातो. आठ कॅमेरे असतील तर किमान 16 तिथेच गेले. वीस जणांच्या कार्यालयात ईमेल, पोर्टल आणि एखादी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) एवढंच काम असेल, तर मात्र लीज्ड लाइनवर पैसे घालवू नका. चांगलं ब्रॉडबँड पुरतं. हे आम्ही स्वतःचं नुकसान करून सांगतो आहोत असं समजू नका. चुकीची लाइन घेतलेला ग्राहक पुढच्या वर्षी आपल्याकडे येत नाही.

स्थिर आयपी मागताना एक हिशेब लक्षात ठेवा. आठ आयपींचा गट घेतला तर दोन तांत्रिक कारणांसाठी राखीव जातात, एक आमच्या राउटरला लागतो, तुमच्या हातात पाच उरतात. "आठचे पैसे घेतले, पाचच दिले" ही तक्रार आमच्याकडे नेहमीची आहे.

सेवेच्या उपलब्धतेची अटही डोळसपणे घाला. 30 दिवसांच्या महिन्यात 99 टक्के म्हणजे 7 तास 12 मिनिटं बंद चालतं, 99.5 टक्के म्हणजे 3 तास 36 मिनिटं, 99.9 टक्के म्हणजे जेमतेम 43 मिनिटं. रस्त्याकडेने जेसीबी चालू असलेल्या तालुक्याच्या गावात एकाच फायबरवर 99.9 चं लेखी वचन देणाऱ्याला दुसरा मार्ग कुठून आणणार ते विचारा. आम्ही एका मार्गावर 99.5 च लिहून देतो, आणि त्याखाली गेलो तर भाड्यातून कपात करतो. तुमच्या इमारतीतली वीज गेल्याने बंद पडलेला वेळ त्यात धरत नाही.

"बाकीची दोन कोटेशनं तुम्हीच आणा"

आणणार नाही. राग मानू नका. तिन्ही दरपत्रकं एकाच हातून आली तर ती स्पर्धा राहत नाही. असं संगनमत स्पर्धा कायदा, 2002 नुसारही निषिद्ध आहे, आणि एकाच टाइपातली, एकाच चुकीच्या स्पेलिंगची तीन पत्रं लेखापरीक्षकाला लांबूनही ओळखू येतात. तुमच्या भागात सेवा देणाऱ्या परवानाधारकांना तुम्हीच पत्र पाठवा.

परवाना मात्र तपासा. इंटरनेट सेवेचे ए, बी, सी असे वर्ग आहेत : ए देशभर, बी एका दूरसंचार सर्कलपुरता (साधारण एका राज्याएवढं क्षेत्र), सी त्याहून लहान, ढोबळमानाने जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरता. दूरसंचारच्या नकाशात महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, पण मुंबई येत नाही. नवी मुंबई आणि कल्याणही मुंबईतच मोजतात. त्यामुळे तुमचं एक कार्यालय साताऱ्यात आणि एक कल्याणला असेल, तर दोन्हीसाठी एकच बी वर्गाचा पुरवठादार चालेल असं गृहीत धरू नका. गल्लीतला केबलवाला दर देत असेल तर तो कोणाचा फ्रँचायझी आहे आणि बिल कोणाच्या नावाने येणार, हे लिहून घ्या.

टेलिफोन नंबर देण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो आमच्याकडे नाही. 30 चॅनेलची पीआरआय (एकाच वेळी 30 फोन कॉल चालणारी टेलिफोन लाइन) आणि इंटरनेट एकाच निविदेत घातलं की लहान पुरवठादार आपोआप बाहेर पडतात आणि दोन-तीन मोठ्या कंपन्याच उरतात. दोन गरजा वेगळ्या, तर निविदाही वेगळ्या काढा. याला तुकडे पाडणं म्हणत नाहीत, मात्र कारण टिपणीत नोंदवा.

आमच्याकडे येऊच नये असे दोन ग्राहक

केंद्र सरकारचे विभाग, सार्वजनिक उपक्रम आणि केंद्रीय स्वायत्त संस्था यांनी इंटरनेट, लँडलाइन आणि लीज्ड लाइन बीएसएनएल किंवा एमटीएनएलचीच वापरावी, असं दूरसंचार विभागाचं 12 ऑक्टोबर 2020 चं पत्र आहे. अशा कार्यालयांनी आमच्या कोटेशनवर वेळ घालवू नये. दुसरे म्हणजे भारतनेट किंवा महानेट या सरकारी योजनांचं फायबर इमारतीत पोहोचलेल्या ग्रामपंचायती. आधी ती लाइन चालू आहे का पाहा, नसेल तर लेखी तक्रार करा आणि त्या तक्रारीची प्रत नव्या प्रस्तावाला जोडा. नाहीतर "सोय असताना खासगी लाइन का?" या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

बिल आणि कपात

आम्ही तिमाही संपल्यावर बिल देतो. "निधी परत जाईल, पुढच्या वर्षाचं बिल आत्ताच 31 मार्चच्या तारखेने द्या" ही विनंती आम्ही मान्य करत नाही. न दिलेल्या सेवेचं बिल देणं आमच्यासाठी आणि ते पास करणं तुमच्यासाठी, दोन्ही अडचणीचं.

कराराची किंमत जीएसटी वगळून 2.5 लाखांच्या वर असेल तर 2 टक्के जीएसटी-टीडीएस (बिलातूनच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो : 1 टक्का केंद्राचा, 1 टक्का राज्याचा. इथेही महिन्याचा किंवा तिमाहीचा आकडा नव्हे, कराराचा आकडा बघायचा. वरच्या उदाहरणातला एक वर्षाचा करार यात येत नाही. तीन वर्षांचा येतो. कपात मूळ रकमेवर करायची, जीएसटीवर नाही. 9,500 च्या भाड्यावर 190 रुपये कापायचे. जीएसटीसह 11,210 वर हिशेब करून 224 कापले की आमचं खातं जुळत नाही आणि पत्रव्यवहार सुरू होतो. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत जीएसटीआर-7 या मासिक विवरणपत्रात भरली तरच ती आमच्या खात्यावर दिसते. आयकराची कपात याहून वेगळी आहे.

आमचा उद्यम नोंदणी क्रमांक (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) बिलावर छापलेला आहे, तो शोभेसाठी नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावीत असा 2006 चा कायदा आहे. आम्ही कोणावर व्याज लावायला निघालेलो नाही. देयक कोषागारात कधी गेलं एवढं कळवलं तरी पुरतं.

जागेची पाहणी आम्ही विनामूल्य करतो आणि फायबर येईल की रेडिओ (बिनतारी जोडणी) लावावा लागेल हे लेखी देतो. नगरपरिषदेच्या हद्दीत रस्ता खोदावा लागणार असेल तर परवानगीचा वेळ वेगळा धरा. मागणीपत्राचा कोरा नमुना आमच्या कार्यालयात मिळतो. त्यात आमचं नाव नाही, कोणत्या कंपनीच्या राउटरचंही नाही, त्यामुळे तोच नमुना इतर पुरवठादारांना बिनदिक्कत पाठवा. पहिला रकाना कालावधीचा आहे. तो रिकामा आला तर आम्ही दर भरत नाही, फोन करून विचारतो.