ध्वनीच्या वेगातला हरवलेला सातवा हिस्सा

कोरड्या हवेत, २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. हा आकडा आता इतका सरावाचा झालाय की तो कुठून आला हे विचारायचं कुणाला सुचत नाही. मोजमाप तसं लवकर जमलं होतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसं या आकड्याच्या बरीच जवळ पोहोचली होती. घोडं अडलं ते वेग ‘एवढाच का’ या प्रश्नापाशी. न्यूटनने १६८७ साली हवेचा दाब आणि घनता घेऊन हा वेग कागदावर काढून दाखवला, पण त्याचं उत्तर प्रत्यक्षापेक्षा जवळपास एक सप्तमांशाने कमी पडलं. ती तूट कुठून आली हे नीट कळायला १८१६ साल उजाडलं. ध्वनीच्या भौतिकशास्त्राचा इतिहास बराच मोठा आहे, पण मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट ही तूटच वाटते.

ध्वनी लाटेसारखा पसरतो, ही कल्पना त्याच्या कितीतरी आधीची. ग्रीक तत्त्वज्ञ क्रिसिपस आणि पुढे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस यांनी आवाजाची तुलना पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांशी केली. पाण्याची वर्तुळं पृष्ठभागावरच पसरतात, आवाज मात्र वरच्या बाजूलाही जातो, हा फरक व्हिट्रुव्हियसने आवर्जून नोंदवला होता. न्याय-वैशेषिक परंपरेत याच प्रश्नावर दोन दृष्टान्त चालत आले: वीचीतरंगन्याय आणि कदंबगोलकन्याय. पहिल्यात एका लाटेतून दुसरी, दुसरीतून तिसरी असा शब्द पुढे सरकत कानापर्यंत येतो. दुसऱ्यात कदंबाच्या गोलावर सगळीकडून एकदम फुटणाऱ्या कळ्यांसारखा तो दाही दिशांना उमलतो. चित्र म्हणून दुसरा दृष्टान्त पाण्याच्या वर्तुळांपेक्षा सरस आहे. पण या परंपरेत शब्द हा आकाश या सर्वव्यापी तत्त्वाचा गुण होता, हवेचा नव्हे. त्यामुळे हवेचा दाब, घनता, उष्णता यांचा त्याच्याशी काही संबंध असेल, याकडे जायची वाटच नव्हती.

आजच्या भाषेत सांगायचं तर हवेतला ध्वनी म्हणजे दाबाचा चढउतार. कंप पावणारी वस्तू लगतची हवा दाबते, ती पुढच्या हवेला ढकलते आणि स्वतः माघारी येते. दाटी झालेला भाग म्हणजे संपीडन, विरळ झालेला भाग म्हणजे विरलन. हवेचे कण लाटेच्या दिशेनेच पुढे-मागे हलतात, म्हणून हा अनुतरंग. प्रवास करतो तो चढउतार, हवा नाही. साध्या बोलण्याच्या पातळीवर, सेकंदाला हजार कंपनांच्या स्वराला, हवेचा थर आपल्या जागेवरून मीटरच्या अब्जांश भागांत मोजावा इतकाच, म्हणजे दहाहूनही कमी अब्जांश हलतो. एवढ्याशा हालचालीचा पत्ता कानाला लागतो, हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं.

हवा लागतेच का, हा वाद १६५०च्या सुमाराला चांगलाच रंगला होता. किर्शर या जर्मन विद्वानाने पाऱ्याच्या नळीवरच्या निर्वात जागेत घंटा वाजवून पाहिली आणि ती ऐकू आल्यामुळे आवाजाला हवेची गरज नाही असं ठरवून टाकलं. खरं तर आवाज घंटेच्या आधारातून आणि काचेतून बाहेर येत होता. रॉबर्ट बॉइलने हूकने बांधलेल्या पंपाच्या मदतीने चांगली निर्वात पोकळी तयार केली, आवाज करणारी वस्तू आधाराला धक्का पोहोचणार नाही अशी टांगली आणि हवा काढत गेल्यावर आवाज बुडत जातो हे १६६० साली छापून प्रसिद्ध केलं. शाळेत अजूनही हाच प्रयोग दाखवतात. त्यात एक गंमत सहसा सांगितली जात नाही. शाळेतल्या पंपाने उरलेली विरळ हवाही ध्वनी वाहून न्यायला पुरेशी असते. आवाज बुडतो तो मुख्यतः घंटेकडून विरळ हवेकडे आणि विरळ हवेकडून काचेकडे ऊर्जा जाताना होणाऱ्या अडवणुकीमुळे. निष्कर्ष बरोबर, कारण थोडं वेगळं. या इतिहासात असं पुढेही घडणार आहे.

वेग मोजायची युक्ती सोपी होती. लांबवर तोफ डागायची, जाळ दिसला की मोजायला लागायचं, धडाका ऐकू आला की थांबायचं. प्रकाशाला लागणारा वेळ इतक्या अंतरात हिशेबात धरण्याजोगा नसतो. पण नेमकी घड्याळं नव्हती, म्हणून सुरुवातीचे आकडे भलतेच आले. गॅसेंदी आणि मर्सेन या फ्रेंच विद्वानांपैकी पहिल्याला सेकंदाला सुमारे ४७८ मीटर, दुसऱ्याला सुमारे ४४८. आकडा चुकला तरी गॅसेंदीने एक मोठं काम केलं. तोफ आणि बंदूक दोन्ही डागून दोघींच्या आवाजाला सारखाच वेळ लागतो हे त्याने दाखवलं. त्यामुळे बारीक, उंच आवाज जाड्या आवाजापेक्षा वेगाने धावतो हे ॲरिस्टॉटलकडून चालत आलेलं मत मोडीत निघालं.

या तोफबाजीतला माझा आवडता माणूस विल्यम डेरम. लंडनच्या पूर्वेला अपमिन्स्टर गावाच्या चर्चचा हा धर्मगुरू दुर्बीण आणि अर्ध्या सेकंदाचे ठोके देणारं लंबकाचं घड्याळ घेऊन चर्चच्या मनोऱ्यावर जाऊन बसायचा. आसपासच्या गावांतून बंदुका आणि लांब ब्लॅकहीथहून तोफा उडवल्या जायच्या. ब्लॅकहीथचा आवाज यायला जवळजवळ मिनिट लागायचं, म्हणजे अर्ध्या सेकंदाची चूक एकूण वेळेच्या शंभराव्या हिश्शाएवढीच राहायची. वारा आवाजाच्या दिशेने असेल तर वेळ कमी लागतो आणि उलटा असेल तर जास्त, हे त्याने काळजीपूर्वक टिपलं. त्याचा १७०८ सालचा आकडा होता सेकंदाला ११४२ फूट, म्हणजे ३४८ मीटर. आजच्या मापाने तो किंचितच जास्त आहे.

आता न्यूटन. ‘प्रिन्सिपिया’ या आपल्या ग्रंथात त्याने हवेला लवचिक माध्यम मानलं. माध्यम जितकं ताठ तितकी लाट जलद, जितकं जड तितकी सावकाश. म्हणून दाबाला घनतेने भागून वर्गमूळ घ्यायचं. यंत्रशास्त्रातून ध्वनीचा वेग काढण्याचा हा पहिला प्रयत्न. पहिल्या आवृत्तीत त्याचं उत्तर आलं ९६८ फूट. पडताळ्यासाठी त्याने केंब्रिजमध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या नेव्हिल्स कोर्टच्या लांब ओवरीत प्रतिध्वनी ऐकला आणि लंबकाची दोरी कमी-जास्त करत त्याच्याशी जुळवून पाहिली. त्यावरून वेग ९२० आणि १०८५ फुटांच्या मध्ये कुठेतरी आहे असं ठरलं. ९६८ त्यात आरामात बसत होतं, प्रश्न मिटला.

डेरमच्या ११४२ने तो पुन्हा उघडला. १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीत न्यूटनचं सुधारलेलं सैद्धांतिक उत्तर ९७९ होतं आणि फरक १६३ फुटांचा. न्यूटनने तो भरून काढला, पण ज्या रीतीने काढला ती त्याच्या नावाला शोभणारी नव्हती. हवेचे कण घट्ट असतात आणि त्यांच्या आरपार ध्वनी क्षणात जातो, असं म्हणून त्याने एक नवमांश वाढवला, झाले १०८८. मग हवेत दहास एक या प्रमाणात वाफ असते आणि ती ध्वनीच्या हालचालीत भाग घेत नाही, असं म्हणून आणखी वाढवलं; झाले बरोब्बर ११४२. कणांचं आकारमान आणि वाफेचं प्रमाण यांपैकी कशालाही स्वतंत्र पुरावा नव्हता. उत्तर आधी माहीत होतं, वाट नंतर आखली.

पुढची शंभर वर्षं या जोडकामाला कुणी फारसं मानलं नाही, पण दुसरं काही हातीही लागेना. १७५९ साली ऑयलर आणि लाग्रांज या गणितज्ञांनी ध्वनीचं गणित नव्या समीकरणांनी स्वच्छ मांडलं आणि दोघांनाही न्यूटनचंच, कमी पडणारं सूत्र मिळालं. म्हणजे खोट गणितात नव्हती. दाब घनतेच्या साध्या प्रमाणात न वाढता तिच्या चार तृतीयांश घाताने वाढला तर आकडा जुळेल, इथपर्यंत लाग्रांज पोहोचला होता. पण दाब घनतेच्या साध्याच प्रमाणात वाढतो असं सांगणाऱ्या बॉइलच्या नियमाशी ते जुळत नाही म्हणून त्याने ते सोडून दिलं. उत्तराच्या दारात उभं राहून माघारी फिरणं म्हणतात ते हेच. तिकडे मोजमापं सुधारत होती. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७३८ साली माँमार्त्र आणि मोंलेरी यांच्या दरम्यान तोफा डागून सुमारे ३३७ मीटर काढले. ला काँदामीन या फ्रेंच संशोधकाला दक्षिण अमेरिकेत क्वितोच्या थंड, उंच पठारापेक्षा कायेनच्या उष्ण किनाऱ्यावर आवाज जास्त वेगाने जाताना आढळला. उष्णतेचा धागा समोरच लोंबकळत होता.

तो लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने ओढला. त्याच्या सूचनेवरून १८०२ साली बिओ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने हा विचार प्रथम मांडला आणि १८१६ साली लाप्लासने स्वतः छोट्या टिपणात सूत्र दिलं. सायकलच्या पंपाचं तोंड दाबून दांडा जोरात ढकलला की पंप तापतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला मुद्दा लगेच कळेल. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा नुसत्या दाटीमुळे ढकलेल त्याहून जास्त जोराने ढकलते. विरळ झालेली हवा थंड पडते आणि तिचा दाब अपेक्षेपेक्षा जास्त उतरतो. दोन्हीकडून हवा अधिक ताठ वागते, म्हणून लाट जलद जाते. बॉइलचा नियम तापमान बदलत नाही अशा संथ दाबणीला लागू पडतो आणि न्यूटनने तोच वापरला होता.

तापमानातला हा फरक किती असतो? ९४ डेसिबलच्या, म्हणजे चांगल्याच मोठ्या आवाजात हवेचा दाब फक्त एक लाखांशाने वर-खाली होतो आणि तापमान अंशाच्या एका हजारांशाहूनही कमी बदलतं. एवढीशी गोष्ट वेगावर अठरा टक्के परिणाम करते, कारण इथे प्रमाण महत्त्वाचं, आकार नाही. हवेसाठी दाब दर वेळी नुसत्या दाटीच्या १.४ पट बदलतो आणि १.४चं वर्गमूळ सुमारे १.१८. न्यूटनच्या सूत्राने शून्य अंशाला २८० मीटर येतात, त्याला १.१८ने गुणलं की ३३१.

‘ध्वनीचे फेरे इतके झपाट्याने होतात की उष्णतेला निसटायला वेळ मिळत नाही’ असं बहुतेक पुस्तकं सांगतात. हे वाक्य अर्धंच खरं आहे. वारंवारता वाढवली की वेळ कमी होतो, पण संपीडन आणि विरलन यांच्यातलं अंतरही कमी होतं, आणि या चढाओढीत अंतर जिंकतं. फेरा जितका झपाट्याचा, तितकी उष्णता निसटण्याची शक्यता वाढते. हजार कंपनांच्या स्वरात हे अंतर १७ सेंटिमीटर असतं, आणि अर्ध्या फेऱ्याच्या वेळात उष्णता जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी सरकते. ऐकू येणाऱ्या सगळ्या ध्वनीसाठी लाप्लास म्हणूनच निर्धास्त बरोबर ठरतो. आणखी एक विरोधाभास असा, की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे या समजुतीवर उभं राहून त्याने हे सूत्र काढलं. पुढे ती समजूत कोसळली, सूत्र शाबूत राहिलं.

त्याची कसोटी लगेच लागली. आरागो, हुम्बोल्ट, गे-लुसाक, प्रोनी आदी शास्त्रज्ञांनी जून १८२२च्या दोन रात्री पॅरिसजवळच्या व्हिलज्विफ आणि मोंलेरी इथून आलटून पालटून तोफा डागल्या, म्हणजे वाऱ्याचा परिणाम वजा व्हावा. १५.९ अंशाला ३४०.९ मीटर आले. मद्रास वेधशाळेत जॉन गोल्डिंगहॅमने याच सुमाराला फोर्ट सेंट जॉर्ज आणि सेंट थॉमस माउंट इथल्या रोजच्या तोफांचा उपयोग करून महिनोन्‌महिने नोंदी घेतल्या आणि हवामानाप्रमाणे वेग कसा बदलतो ते १८२३ साली प्रसिद्ध केलं. फ्रेंचांच्या प्रयोगात एक चमत्कारिक गोष्टही घडली. मोंलेरीची तोफ व्हिलज्विफला स्पष्ट ऐकू येई, उलट दिशेने मात्र जेमतेम. उंचीनुसार वाऱ्याचा वेग बदलला की ध्वनीच्या लाटा वर किंवा खाली वळतात, हे स्टोक्स या भौतिकशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवल्यावर असल्या प्रकारांचा उलगडा होऊ लागला.

घन आणि द्रव पदार्थांत गोष्ट तुलनेने सरळ निघाली. १८०८ साली बिओने पॅरिसमधल्या ९५१ मीटर लांब लोखंडी नळाच्या एका टोकाला ठोका दिला, तर दुसऱ्या टोकाला तो दोनदा ऐकू आला: आधी लोखंडातून, मग सुमारे अडीच सेकंदांनी हवेतून. १८२६ साली कोलादों आणि स्तुर्म यांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवली, त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा जाळ उडवला आणि साडेतेरा किलोमीटरवर पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावला. ९.४ सेकंद, म्हणजे सेकंदाला १४३५ मीटर. लोखंड आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी जड, तरी वेग जास्त, कारण ती त्याहून कितीतरी पटींनी ताठ आहेत. पाणी दाबल्यावर फारसं तापत नाही, म्हणून तिथे लाप्लासची दुरुस्ती जवळजवळ शून्य. न्यूटनने पाण्यापासून सुरुवात केली असती तर हा सगळा घोळ झालाच नसता!

मोजणाराच मापात घुसतो, ही अडचण शेवटपर्यंत राहिली होती. जाळ दिसणं आणि हात हलणं यांत वेळ जातो, प्रत्येक माणसाचा वेगळा. १८६०च्या दशकात रेन्यो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने कान आणि हात दोन्ही बाजूला काढले: ताणलेला पडदा, विजेचा संपर्क आणि आपोआप उमटणारी नोंद. त्याला शून्य अंशाच्या कोरड्या हवेत ३३०.६ मीटर मिळाले.

पुढे हिशेबाची दिशाच उलटली. आर्गॉन किंवा हेलियमसारख्या, सुट्या अणूंच्या म्हणजे एकाणू वायूंत १.४च्या जागी पाच तृतीयांश हे सिद्धांताने ठरलेलं मूल्य येतं, म्हणून ध्वनीचा वेग नेमका मोजला की त्यावरून तापमानाशी निगडित स्थिरांक काढता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत आर्गॉनने भरलेल्या धातूच्या गोलातले अनुनाद मोजून १९८८ साली वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांना जोडणाऱ्या वायू स्थिरांकाचं अतिशय काटेकोर मूल्य काढलं गेलं. २० मे २०१९ पासून केल्विन या तापमानाच्या एककाची व्याख्या, तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणाऱ्या बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर बेतली आहे, आणि ते मूल्य ठरवताना सर्वाधिक वजन अशाच ध्वनीच्या मापनांना मिळालं.