वेब अनुप्रयोगांची स्वयंचलित चाचणी : मांडणीतील दोष शोधणे

वेब अनुप्रयोग खऱ्या ब्राउझरमध्ये उघडून, माणसाऐवजी प्रोग्रामकडून बटणे दाबून आणि फॉर्म भरून, पडद्यावर आलेला निकाल पडताळण्याच्या पद्धतीस स्वयंचलित ब्राउझर चाचणी म्हणतात. चाचणी नापास झाली की दोन शक्यता असतात : अनुप्रयोग चुकला, किंवा चाचणी ज्या मांडणीवर उभी आहे तीच चुकली. प्रस्तुत नोंद दुसऱ्या शक्यतेविषयी आहे. ही मांडणी म्हणजे एक साखळी असते. चाचण्या गोळा करून चालवणारा रनर, त्याची लायब्ररी, ब्राउझरला आज्ञा पोचवणारा ड्रायव्हर, ब्राउझर, अनुप्रयोगाचा सर्व्हर आणि त्यामागील डेटाबेस हे तिचे दुवे. यांतला कोणताही दुवा निखळला तरी लॉगच्या तळाशी बहुधा एकच तक्रार दिसते : घटक सापडला नाही, वेळ संपली. म्हणून लॉग तळापासून न वाचता पहिल्या चुकीपासून वाचावा, आणि रनरपासून सुरुवात करून एकेक दुवा पक्का करत पुढे जावे. प्रतीक्षेचे सेकंद वाढवणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे आणि बहुतेक वेळा सर्वांत निरुपयोगीही. सर्व्हर चुकीच्या पोर्टवर असेल तर पाचाऐवजी साठ सेकंद थांबूनही तो सापडत नाही.

जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये शिकागो येथे थॉटवर्क्स कंपनीत सिलेनियम हे ब्राउझर-चाचणीचे साधन तयार केले. सायमन स्ट्युअर्ट यांचा वेबड्रायव्हर प्रकल्प त्यात मिसळून जुलै २०११ मध्ये सिलेनियम २ आले, आणि जून २०१८ मध्ये वेबड्रायव्हर ही डब्ल्यूथ्रीसी या मानक संस्थेची अधिकृत शिफारस ठरली. सायप्रेस हे दुसरे साधन चाचणीचा कोड ब्राउझरच्या आतच चालवते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेल्या प्लेराइट या साधनाला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आपल्या आवृत्तीशी जुळणारे ब्राउझर उतरवून घेण्याची सोय त्यातच असते. साधन कोणते यावर बिघाड कुठे होणार हे बरेचसे ठरते.

चाचण्या सापडल्या का?

लाल निकालापेक्षा खोटा हिरवा निकाल धोकादायक. जावाच्या मेव्हन या बिल्ड साधनावरील प्रकल्पात शुअरफायर हा प्लगइन वर्गाच्या (क्लासच्या) नावावरून चाचण्या ओळखतो : नाव ‘टेस्ट’ने सुरू व्हावे, किंवा ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’, ‘टेस्टकेस’ने संपावे. ‘लॉगिनआयटी’ असे नाव दिले तर शुअरफायर तो वर्ग पाहतही नाही, कारण ‘आयटी’ ही खूण फेलसेफ या दुसऱ्या प्लगइनची आहे. बिल्ड यशस्वी होते आणि चाललेल्या चाचण्यांची संख्या शून्य असते. प्रकल्पात जेयुनिट या चाचणी-लायब्ररीच्या फक्त ५ व्या आवृत्तीचे इंजिन असताना चाचणीवरची खूण (ॲनोटेशन) जेयुनिट ४ च्या पॅकेजमधून आयात झाली, तरी हाच प्रकार घडतो. पायथनमधील पायटेस्ट हा रनर याबाबत कडक आहे : एकही चाचणी सापडली नाही तर ते ५ हा निर्गम-संकेत देते आणि पाइपलाइन (बिल्ड व चाचण्या आपोआप चालवणारी व्यवस्था) थांबते. इतर ठिकाणी चाललेल्या चाचण्यांचा आकडा रोज पाहण्याची सवयच कामी येते. काल २१२ होत्या आणि आज १४० आहेत, तर सगळ्या पास झाल्या या वाक्याला अर्थ नाही.

ब्राउझर आणि ड्रायव्हर

सिलेनियम वापरणाऱ्यांचा सर्वांत जुना शत्रू म्हणजे आवृत्त्यांची तफावत. क्रोम स्वतःहून अद्ययावत होतो, ड्रायव्हर मात्र कुणीतरी महिन्यांपूर्वी उतरवून ठेवलेला असतो. मग ‘सेशन नॉट क्रिएटेड’ हा संदेश येतो आणि ड्रायव्हर कोणत्या आवृत्तीसाठी आहे तेही त्याच ओळीत लिहिलेले असते. २०२३ मध्ये क्रोम ११५ पासून ड्रायव्हरचे वितरण ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ या नव्या ठिकाणी हलले. जुन्या पत्त्यावरून ‘ताजी आवृत्ती’ विचारणाऱ्या स्क्रिप्टना ११४ हेच उत्तर मिळत राहिले, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेल्या पाइपलाइन अडल्या.

सिलेनियम ४.६ पासून सिलेनियम मॅनेजर योग्य ड्रायव्हर आपोआप शोधतो. तरीही तफावत राहिली तर पाथमध्ये (प्रोग्राम शोधण्याच्या ठरलेल्या फोल्डरांत) एखादा जुना क्रोमड्रायव्हर पडून आहे का ते आधी पाहावे. मॅनेजर तफावतीचा इशारा देतो, पण पाथमधील ड्रायव्हरच वापरतो. तो काढून टाकला की प्रश्न बहुधा मिटतो. प्रॉक्सीमागील (विनंत्या मधल्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या) कार्यालयीन नेटवर्कवर आणखी एक अडचण येते : ड्रायव्हर स्वतःच स्थानिक पोर्टवर ऐकणारा एक छोटा सर्व्हर असतो (क्रोमड्रायव्हरचे ठरलेले पोर्ट ९५१५), आणि त्याच्याकडे जाणारी विनंतीही प्रॉक्सीकडे वळते. ‘नो प्रॉक्सी’ या पर्यावरण-चलात (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ दोन्ही लिहावेत.

उबंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त चालणाऱ्या पॅकेजच्या रूपात येतो. स्नॅपच्या कुंपणामुळे त्याला गेकोड्रायव्हरने (फायरफॉक्सच्या ड्रायव्हरने) टेंप फोल्डरमध्ये बनवलेले प्रोफाइल दिसत नाही आणि प्रोफाइल उघडता येत नसल्याची तक्रार येते. स्नॅपसोबत आलेला गेकोड्रायव्हर वापरावा, किंवा तात्पुरत्या फाइलींची जागा होम फोल्डरखाली आणावी.

प्लेराइटमध्ये हाच रोग वेगळ्या रूपात दिसतो. पॅकेजची आवृत्ती वाढली, पण पाइपलाइनच्या कॅशमध्ये (आधी उतरवलेल्या फाइलींच्या साठ्यात) जुनेच ब्राउझर राहिले, की ‘एक्झिक्युटेबल अस्तित्वात नाही’ असे उत्तर येते. कॅशच्या किल्लीत प्लेराइटचा आवृत्ती-क्रमांक घातला म्हणजे ही अडचण पुन्हा येत नाही.

कंटेनरमधील ब्राउझर

डॉकर या साधनाच्या कंटेनरला (प्रोग्राम वेगळा, बंदिस्त चालवणाऱ्या पेटीला) सामायिक स्मृतीसाठी मुळात ६४ एमबी मिळतात. क्रोमला जड पानासाठी तेवढी जागा पुरत नाही आणि टॅब मधूनच कोसळतो. लहान पाने चालतात, अहवालाचे मोठे पान मात्र कधी चालते कधी नाही, हे याचे ठळक लक्षण. कंटेनर सुरू करताना ‘एसएचएम-साइझ’ २ जीबी द्यावी, किंवा क्रोमला ‘डिसेबल-डेव्ह-एसएचएम-यूसेज’ हा पर्याय द्यावा. कंटेनरमध्ये रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवताना क्रोमचा सँडबॉक्स (पानांना कोंडून ठेवणारे सुरक्षा-कुंपण) उभा राहत नाही. अशा वेळी ‘नो-सँडबॉक्स’ सर्रास लावतात. आपल्याच अनुप्रयोगाची पाने उघडायची असतील तर ते चालून जाते, पण साध्या वापरकर्त्याच्या नावाने ब्राउझर चालवणे अधिक चांगले.

क्रोमच्या जुन्या हेडलेस (पडद्यावर न दिसणाऱ्या) प्रकारात खिडकीचा ठरलेला आकार ८०० × ६०० असे. एवढ्या रुंदीत अनेक संकेतस्थळे मोबाइलचा मेनू दाखवतात, त्यामुळे लॅपटॉपवर समोर दिसणारी ‘लॉगआउट’ची लिंक पाइपलाइनमध्ये तीन आडव्या रेषांच्या मागे जाते. प्लेराइटचा ठरलेला आकार १२८० × ७२०, सायप्रेसचा १००० × ६६०. यावर विसंबू नये. आकार कॉन्फिग फाइलमध्ये स्पष्ट लिहावा.

पत्ता, पोर्ट आणि नाव

मांडणीतील सर्वाधिक वेळ इथेच खर्च होतो. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये आवृत्ती १७ पासून ‘लोकलहोस्ट’चा (आपल्याच यंत्राच्या नावाचा) अर्थ लावताना यंत्रणेने दिलेला पत्त्यांचा क्रम तसाच पाळला जातो. अनेक यंत्रांवर आयपीव्ही६ चा ::१ हा पत्ता आधी येतो. सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर ब्राउझरमध्ये पान उघडते आणि रनरला मात्र ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ मिळते. नोड २० पासून दोन्ही पत्ते आजमावले जातात, पण मध्ये एखादे जुने साधन असले की प्रश्न तसाच राहतो. सर्व्हर आणि चाचणी दोन्हीकडे १२७.०.०.१ लिहिणे हा साधा उपाय.

ब्राउझर एका कंटेनरमध्ये आणि अनुप्रयोग दुसऱ्यात असेल तर ‘लोकलहोस्ट’ म्हणजे ब्राउझरचाच कंटेनर. तिथे सेवेचे नाव वापरावे लागते आणि सर्व्हरला ०.०.०.० वर ऐकायला सांगावे लागते. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये ते नाव ‘अलाउड होस्ट्स’मध्येही घालावे, नाहीतर ४०० हा उत्तर-संकेत येतो. सेवेचे नाव ‘ॲप’ किंवा ‘डेव्ह’ ठेवू नये, ही सूचना विचित्र वाटेल, पण कारण पक्के आहे : ही दोन्ही इंग्रजी नावे सर्वोच्च डोमेन म्हणून क्रोमच्या सक्तीच्या एचटीटीपीएस यादीत आहेत. त्यामुळे क्रोम साधी विनंती परस्पर एचटीटीपीएसकडे वळवतो आणि एसएसएलची चूक दाखवतो. नाव ‘वेब’ केले की पान उघडते.

नाव बदलल्यावर लॉगिन मोडण्याचीही शक्यता असते. ब्राउझर लोकलहोस्टला साध्या एचटीटीपीवरही सुरक्षित मानतो. ‘वेब’ या नावाला मानत नाही. परिणामी ‘सिक्युअर’ खूण असलेली कुकी साठवली जात नाही, सर्व्हिस वर्कर नोंदला जात नाही आणि पानातील क्रिप्टो सुविधा गायब होतात. चाचणीत यातले काहीच थेट दिसत नाही. फक्त लॉगिन केल्यावर पुन्हा लॉगिनचेच पान येते.

प्लेराइटला सर्व्हर सुरू करायला सांगितले तर तो दिलेल्या यूआरएलवर ६० सेकंद उत्तराची वाट पाहतो. २०० आणि ३०० च्या घरातील संकेत तसेच ४०० ते ४०३ हे त्याला मान्य आहेत, ४०४ नाही. मुळाशी (‘/’ या मार्गावर) कोणतेही पान नसलेला एपीआय सर्व्हर चालू असूनही प्लेराइट ‘वेळ संपली’ म्हणतो तो यामुळे. तपासणीसाठी आरोग्य-तपासणीचा (सर्व्हर चालू असल्याचे सांगणारा) पत्ता द्यावा. चालू सर्व्हर पुन्हा वापरण्याचा पर्याय स्वतःच्या यंत्रावर सोयीचा असतो, पण कालच्या ब्रँचचा विसरलेला सर्व्हर त्या पोर्टवर बसला असेल तर चाचण्या जुन्याच कोडवर चालतात. मूळ पत्त्याच्या शेवटी ‘/दुकान’ असा मार्ग असेल आणि चाचणीत ‘/यादी’ लिहिले तर ‘दुकान’ गळून पडते. मूळ पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ द्यावी आणि चाचणीतील मार्गाच्या सुरुवातीची काढावी.

प्रतीक्षा

वेबड्रायव्हरमध्ये पान उघडण्याची मुदत ३०० सेकंद असते, तर घटक शोधताना आपोआप थांबण्याची शून्य. म्हणून लटकलेले पान पाइपलाइनची पाच मिनिटे खाते आणि अर्ध्या सेकंदाने उशिरा आलेले बटण लगेच ‘सापडले नाही’ ठरते. सायप्रेस ४ सेकंद थांबते; प्लेराइट पडताळणीसाठी ५ आणि अख्ख्या चाचणीसाठी ३० सेकंद देते. सिलेनियममध्ये सर्वव्यापी प्रतीक्षा आणि विशिष्ट अटीची प्रतीक्षा एकत्र वापरू नयेत. १० आणि १५ सेकंदांच्या मुदती मिसळल्यास चाचणी २० सेकंदांनीही संपू शकते, आणि मग वेळेचा कोणताच हिशेब लागत नाही. ठरावीक सेकंद थांबवणारी ‘स्लीप’ आज्ञा टाकण्याऐवजी जी गोष्ट घडायला हवी तिचीच वाट पाहावी : बटण सक्रिय होणे, यादीत ओळ येणे.

लहरी चाचण्या आणि पुरावा

कधी पास तर कधी नापास होणारी चाचणी एकटी चालवून पाहावी. एकटी नेहमी पास होत असेल तर संशय सामायिक डेटावर घ्यावा. प्लेराइट एरवी प्रोसेसरच्या निम्म्या गाभ्यांइतके वर्कर (एकाच वेळी चाचण्या चालवणाऱ्या प्रक्रिया) चालवतो. दोन वर्करनी एकाच खात्याने लॉगिन केले आणि एकाने कार्ट रिकामी केली, तर दुसरा विनाकारण नापास होतो. वर्कर १ करून चूक नाहीशी झाली तर निदान झाले, पण उपाय मात्र प्रत्येक वर्करला स्वतंत्र खाते देण्यात आहे.

पुराव्याची मांडणीही चुकते. प्लेराइटच्या तयार कॉन्फिगमध्ये ट्रेस (चाचणीच्या पावलांची नोंद) ‘पहिल्या पुनःप्रयत्नावर’ नोंदवायला सांगितलेला असतो. पुनःप्रयत्न शून्य असतील तर तो कधीच नोंदला जात नाही, आणि स्वतःच्या यंत्रावर ते शून्यच असतात. तिथे ट्रेस ‘नापास झाल्यास जपा’ यावर ठेवावा. पाइपलाइनमध्ये अहवाल साठवण्याची पायरी चाचणी नापास झाली तरी चालेल अशी अट घालावी. नाहीतर ट्रेस तयार होतो आणि कंटेनरबरोबर पुसलाही जातो.

वेळ, अंक आणि देवनागरी

पाइपलाइनची यंत्रे बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदल्या दिवसाचीच तारीख असते, म्हणून ‘आजची तारीख’ तपासणारी चाचणी दिवसा पास आणि रात्रीच्या फेरीत नापास होते. प्लेराइटमधील कालक्षेत्राचा पर्याय फक्त ब्राउझरला लागू होतो. अपेक्षित तारीख तयार करणाऱ्या नोड प्रक्रियेला ‘टीझेड’ हे चल वेगळे द्यावे लागते. कालक्षेत्राचे नाव शब्दशः पडताळू नये : फायरफॉक्सने ‘एशिया/कोलकाता’ म्हटले तिथे क्रोमने बराच काळ ‘एशिया/कलकत्ता’ हे जुने नाव दिले आहे.

मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) लावल्यावर ब्राउझर १,२३,४५६ ही संख्या देवनागरी अंकांत छापतो. चाचणीत इंग्रजी अंक अपेक्षिले असतील तर ती पडते. लोकेल कॉन्फिगमध्ये लिहिलेले नसेल, तर ती एका यंत्रावर पडते आणि दुसऱ्यावर नाही. चित्र-तुलनेच्या चाचण्यांत किमान आकाराच्या लिनक्स प्रतिमेत (कंटेनर ज्यातून बनतो त्या साच्यात) देवनागरी फॉन्टच नसतो आणि मजकुराच्या जागी चौकटी उमटतात. डेबियनमध्ये लोहित देवनागरी किंवा नोटोचे पॅकेज टाकावे. पानावर मराठी भाषेची खूण नसेल तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे काढतात. मूळ चित्रे पाइपलाइनच्याच प्रतिमेत काढून घ्यावीत.

सर्वांत चकवणारी चूक ‘ऱ्या’ची. ‘दुसऱ्या’ अपेक्षित होते, ‘दुसऱ्या’ मिळाले, तरी नापास, असा अहवाल येतो आणि दोन शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. ‘ऱ’ हा ०९३१ हा एकच संकेतांक म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ला नुक्ता जोडून. जुन्या कळफलकांवर तोच आकार र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा टंकला जाई. पहिल्या दोन रूपांना युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारी पद्धत) एकत्र आणते, तिसऱ्याला आणत नाही. म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा मजकूर एनएफसीतून काढावा, आणि र, हलन्त, जोडचिन्ह या तीन संकेतांकांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालणारी एक ओळ चाचणीच्या सामायिक सहायक फाइलमध्ये ठेवावी.