फटींवर तरंगणारी माशी

पिसं, केस आणि दोरा गळावर बांधून ट्राउट माशासाठी खोटी माशी तयार करतात, तिला फ्लाय म्हणतात आणि या कलेला फ्लाय टाइंग. या कलेत नव्याने शिरणाऱ्याच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं: "सीडीसी तरंगतं, कारण त्यात बदकाचं तेल असतं." मी स्वतः हे वाक्य अनेकांना सांगितलं आहे. ते अर्धंच खरं आहे. नवी सामग्री वापरून पाहणारे लोक फसतात ते नेमके उरलेल्या अर्ध्या भागात, म्हणून हा लेख.

सीडीसी म्हणजे क्यू द कनार, फ्रेंचमध्ये बदकाचं बूड. शेपटीच्या मुळाशी बदकाची तैलग्रंथी असते, तिच्या भोवतीची ही लहान, भुरभुरीत पिसं. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या ज्युरा भागातले कारागीर ती फ्लायसाठी वापरू लागले. आज हीच पिसं रंगवून विकली जातात. रंग नीट बसावा म्हणून ती आधी साबणाने धुऊन तेलकटपणा घालवतात आणि मग गरम रंगात बुडवतात. तेल बहुतेक निघून जातं, तरी वाळलेलं रंगीत पीस तरंगतंच. मग तरंगवतं कोण?

आधी वजनाचा हिशेब करू. ५० मिलिग्रॅमचा पोलादी गळ घ्या. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, म्हणजे गळ स्वतः साधारण ६.४ मिलिग्रॅम पाणी बाजूला सारतो. उरलेले ४४ मिलिग्रॅम कुणीतरी उचलून धरायला हवेत. आर्किमिडीजच्या नियमावर विसंबलो तर गळाला सुमारे ४४ घनमिलिमीटर हवा बांधावी लागेल. तेवढ्यात अशा गळावरच्या माशीचं अख्खं अंग भरून जाईल. फोमच्या फ्लाय जाडजूड दिसतात त्या यामुळेच.

दुसरा आधार म्हणजे पृष्ठताण, जणू पाण्यावरची ताणलेली त्वचाच. २० अंश सेल्सियसला पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.०७३ न्यूटन असतो. न भिजणारा बारीक तंतू पाण्यावर आडवा ठेवला, की पाणी त्याला दोन्ही कडांनी वर ढकलतं. १ सेंटिमीटर तंतूमागे हा आधार जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे आपल्या गळाला जेमतेम ३ मिलिमीटर तंतू पुरला! खऱ्या माशीला असे कितीतरी सेंटिमीटर तंतू असतात. एवढ्याशा आकाराच्या जगात हवेच्या फुग्यापेक्षा पाण्याची त्वचा बलवान ठरते.

अट एकच, तंतू भिजता कामा नये. इथून पुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, जरा सावकाश वाचा.

पाण्याचा थेंब पृष्ठभागावर टेकतो तिथे जो कोन होतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. तो मोठा, तर थेंब गोल राहतो. सपाट पृष्ठभागावर मेणाचा स्पर्शकोनसुद्धा १०० ते ११० अंशांच्या घरात असतो. मग बदकाच्या पाठीवर थेंब मोत्यासारखा कसा घरंगळतो? लोकर उद्योगाच्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ साली याचं गणित मांडलं. समांतर तंतूंवर पाणी टेकतं तेव्हा त्याला थोडा तंतू लागतो आणि बरीचशी हवा. हवेला पाणी चिकटत नाही. त्यामुळे फटींचा वाटा जितका जास्त, तितका एकूण स्पर्शकोन वाढतो. तंतूचा स्वतःचा कोन फक्त ९५ अंश धरा. दोन तंतूंच्या मध्यांतलं अंतर तंतूच्या जाडीच्या दीडपट असेल, तर त्यांच्या सूत्रातून एकूण कोन सुमारे ११५ अंश येतो. तेच अंतर पाचपट केलं, की १४६! पदार्थ तोच, बदलली ती मांडणी.

मग फटी वाटेल तेवढ्या रुंद कराव्यात का? नाही. फटीत पाणी घुसायला लागणारा दाब फटीच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो. ढोबळ हिशेबाने ०.१ मिलिमीटरची फट फार तर १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत पाण्याला थोपवते, १ मिलिमीटरची फट दीड सेंटिमीटरपर्यंतच. म्हणून तंतू अतिशय बारीक हवा आणि फटीही बारीक हव्यात, पण तंतूच्या तुलनेत त्या ऐसपैस असल्या पाहिजेत. सीडीसीच्या प्रत्येक तंतूला असंख्य सूक्ष्म उपतंतू असतात आणि ते सगळ्या बाजूंना पसरलेले असतात. दोन्ही अटी तिथे एकदम पुऱ्या होतात. तेलाचं काम तंतूचा स्वतःचा कोन ९० च्या वर ठेवण्यापुरतं.

एवढं कळलं, की अनुभवी लोकांच्या सवयींचा अर्थ लागतो. फ्लाय तरंगती ठेवणारी दाट पेस्ट सीडीसीवर चोळू नये म्हणतात, कारण ती उपतंतू एकमेकांना चिकटवून फटीच बुजवते. जलरोधी सिलिकाची पूड मात्र चालते, ती फटी मोकळ्या ठेवते. मासा पकडल्यावर फ्लाय बुडू लागते, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव तंतूंवर बसतो आणि पाण्याला आत घेतो. ती स्वच्छ पाण्यात खळबळून टिपून कोरडी केली, की पुन्हा तरंगते.

नव्या सामग्रीच्या जाहिराती वाचताना म्हणूनच राग येतो. मासे अतिनील किरण पाहतात असं सांगून पाकिटावर अतिनील असं छापलं, की किंमत चढते. बहुतेकदा आतला माल प्रतिदीप्त असतो. तो अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतो, अतिनील परावर्तित करत नाही. शिवाय ट्राउटच्या पिल्लांच्या डोळ्यांत अतिनील ओळखणाऱ्या शंकूपेशी असतात आणि वाढत्या वयात त्या बऱ्याच अंशी नाहीशा होतात. दुर्मीळ पिसांची अंधश्रद्धा तर याहून वाईट. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, ती सामन माशाच्या जुन्या पद्धतीच्या फ्लायसाठी पिसं विकायला. ही पिसं कुठल्या पक्ष्याची, हे माशाला कळत नाही. विज्ञानाचा बराच ठेवा मात्र कायमचा गेला.

प्रयोग करायचाच तर पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यावर करा. त्याची घनता पाण्याच्या ०.९१ पटीच्या आसपास असते आणि तो पाणी जवळजवळ शोषत नाही. तो तसाच गुंडाळला तर तंतू एकमेकांना बिलगतात. त्याऐवजी बांधायचा दोरा सुईने मधोमध फाडा, धाग्याचे बारीक कापलेले तंतू त्या फटीत आडवे ठेवा, दोऱ्याला पीळ द्या आणि मग गळावर वेढे घ्या. तंतू चहूबाजूंनी सुटे उभे राहतात. अशा दोन फ्लाय बांधा, एक गुंडाळलेली आणि एक पिळाची, धागा दोन्हींत सारखाच मोजून घ्या. दोन्ही पाण्याच्या भांड्यात बोटाने तळाशी दाबून सोडा आणि कुठली किती वेळा वर येते ते मोजा. शेवटी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाका. पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो, पाणी फटींत शिरतं आणि पिळाची फ्लायही गळाच्या वजनाने तळ गाठते.