नाकात अडकलेला जून
1994 साली जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात खोदकामात एक सामूहिक कबर उघडी पडली. 32 सांगाडे, सगळे पुरुषांचे. नाव-गाव सांगणारं काहीच नाही. कोणी मारलं असावं, यावर दोन तर्क लढवले गेले. पहिला असा, की 1945 च्या वसंतात, महायुद्ध संपता संपता, गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, आपल्या कैद्यांचा काटा काढला. दुसरा असा, की 17 जून 1953 ला पूर्व जर्मनीत उठाव झाला, तो चिरडायला ज्या सोव्हिएत सैनिकांनी नकार दिला त्यांना त्यांच्याच गुप्त पोलिसांनी गोळ्या घातल्या.

दोन्हींत अंतर आठ वर्षांचं. चाळीस-पन्नास वर्षं मातीत पडलेल्या हाडांकडे बघून आठ वर्षांचा फरक सांगणं महाकठीण. पण या दोन तर्कांमध्ये ऋतूचाही फरक होता, आणि संशोधक राइनहार्ड झिबोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका तोच पकडला. त्यांनी कवट्यांमधल्या नाकाच्या पोकळ्या धुतल्या आणि ते पाणी तपासलं. 21 पैकी 7 कवट्यांमध्ये परागकणांचा खच निघाला. प्लँटेनचे (आपलं इसबगोल याच कुळातलं), लिंडनच्या झाडाचे, राय या धान्याचे. तिकडे या वनस्पती जून-जुलैत फुलतात. हवेतली धूळ नाक गाळून घेतं, त्यामुळे या माणसांनी शेवटी शेवटी घेतलेले श्वास तिथे जमा होते. 1998 साली हा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आला आणि वसंताचा तर्क मागे पडला.

मांसमज्जा गेली, कपडे कुजले, मग फुलातली पिवळी पूड कशी टिकली? परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं. सजीवांनी बनवलेल्या सगळ्यात चिवट पदार्थांत त्याची गणना होते. हवा न लागणाऱ्या चिखलात ते कोट्यवधी वर्षं राहू शकतं. शिवाय प्रत्येक वनस्पती-गटाच्या कवचावरची नक्षी वेगळी. कुणाला भोकं, कुणाला खाचा, कुणाला जाळी. बहुतेक कण 10 ते 100 मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहून लहान. जास्वंदीचा कण मात्र दांडगा. फुलाच्या मधल्या दांडीला बोट लावलंत तर पिवळे ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. भिंगाखाली धरलंत तर प्रत्येक ठिपका काटेरी चेंडू. हे काटे कापडाच्या धाग्यात कसे रुततात ते पाहिलं की कपडे धुऊनही सगळे पराग का निघून जात नाहीत ते कळतं.

या चिवटपणाचा प्रयोगशाळेत पुरेपूर फायदा घेतला जातो. संशयिताच्या बुटाच्या खाचेतला चिमूटभर चिखल घ्यायचा. हायड्रोफ्लोरिक आम्लात त्यातली वाळू विरघळवायची. हे आम्ल काचसुद्धा खातं, म्हणून भांडी प्लॅस्टिकची. मग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात काडीकचऱ्यातलं सेल्युलोज जाळून टाकायचं. एवढ्या छळातून उरतात ती परागांची कवचं. मग सूक्ष्मदर्शकासमोर बसून ती एकेक करून मोजायची, दोनशे, तीनशे, कधी त्याहून जास्त. या मोजणीत बुद्धीइतकीच बैठक लागते. आणि खिडकी बंद हवी, नाहीतर अंगणातलं गवत पुराव्यात घुसतं.

परागांवरून गुन्ह्याचा माग काढण्याच्या या विद्येची सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट 1959 ची, ऑस्ट्रियातली. डॅन्यूब नदीच्या सफरीवर गेलेला एक माणूस नाहीसा झाला. संशयित हाताशी होता, पण प्रेत नव्हतं. संशयिताच्या बुटांवरचा चिखल व्हिएन्ना विद्यापीठाच्या विल्हेल्म क्लाउस यांच्याकडे गेला. त्यात स्प्रूस, विलो, आल्डर यांचे पराग होते, आणि त्यांच्यासोबत सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वीच्या हिकरी झाडाचे जीवाश्म-पराग. इतका जुना थर उघडा पडलेला आणि वर ही झाडं, असा टापू व्हिएन्नाच्या उत्तरेला डॅन्यूबकाठी एकच, तोही छोटासा. ‘तू तिथे गेला होतास,’ असं पोलिसांनी सांगितल्यावर संशयिताचं अवसान गळालं आणि त्याने प्रेत पुरल्याची जागा दाखवली.

गोष्ट झकास आहे, पण मला ती थोडी फसवी वाटते. कोट्यवधी वर्षांचा दुर्मिळ कण दर वेळी थोडाच सापडतो. रोजचं काम न्यूझीलंडमधल्या एका प्रकरणासारखं असतं. तिथे एका गल्लीत स्त्रीवर हल्ला झाला होता. संशयिताचं म्हणणं, ‘मी गल्लीत गेलोच नाही, शेजारच्या गाडीवाटेवर होतो.’ दोन जागांत अंतर फक्त सात मीटर. होरॉक्स आणि वॉल्श या संशोधकांनी दोन्हीकडची माती आणि त्याच्या कपड्यांवरची माती पडताळली. कपड्यांवरचं मिश्रण गल्लीशी जुळलं, गाडीवाटेशी नाही. पराग वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातात असं आपण ऐकलेलं असतं, पण त्यांतले पुष्कळसे झाडाखालीच गळतात. त्यामुळे सात पावलांवर प्रमाण पालटू शकतं. इथे एकही दुर्मिळ कण लागला नाही. कोणता कण किती, हे प्रमाणच बोललं.

म्हणूनच परागांकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. ते ‘कुठे’ आणि कधी कधी ‘केव्हा’ सांगतात. ‘कोणी’ हे नाही. गवतांचे पराग एकमेकांसारखेच दिसतात, त्यामुळे गवत आहे एवढंच कळतं, जात क्वचित. मका मोठ्या आकारामुळे ओळखू येतो. वर्षभर न धुतलेल्या जॅकेटवर वर्षभराची भटकंती साठलेली असते. आणि घटनास्थळाची माती आधीच वेगळी काढून ठेवली नसेल, तर तुलना कशाशी करणार? शंभर बघे तुडवून गेल्यावर नमुना घेण्यात अर्थ नाही.

आपल्याकडचा विचार केला तर गाजर गवताचे पराग फारसे कामाचे नाहीत, ते कुठे नाही? सह्याद्रीतली कारवी मात्र या दृष्टीने मोठी रंजक. सात-आठ वर्षांनी एकदा डोंगर जांभळे करते. त्या वर्षी तिच्यातून गेलेल्या माणसाच्या पँटवर तिचे पराग बसणारच. पण ते पुढची कित्येक वर्षं तिथल्या मातीतही पडून असतात, मग पँटवरचा कण फुलावरचा की मातीतला? ताज्या कणात आतला जीवरस शाबूत असतो, जुना म्हणजे रिकामं टरफल. आम्लाच्या धुलाईत तो जीवरसही जातो. त्यामुळे नमुन्याचा थोडा भाग आम्लाला न दाखवता आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो.