पाथरीची जुडी सोडण्याआधी

या जुडीतली पाथरी कुणी पेरलेली नाही. ज्वारी-हरभऱ्याच्या रानात, बांधावर, पाटाच्या कडेला ती आपली आपण उगवते. सूर्यफुलाच्या कुळातली ही रानभाजी लेट्यूसच्या जवळच्या नात्यातली आहे. पानं जमिनीसरशी गोल पसरतात, कडेला बारीक दाते असतात आणि पान मोडलं की पांढरा चीक येतो. जुडी निवडताना बोटं चिकट झाली तर काळजी नको, भाजी ताजी आहे.

हा चीक ओळखीलाही उपयोगी पडतो. कोवळं गाजरगवत असंच जमिनीला धरून पसरतं आणि तेही याच कुळातलं. पण त्याचं पान गाजराच्या पाल्यासारखं कातरलेलं, खरबरीत असतं आणि मोडल्यावर चीक येत नाही. आम्ही भाजी दोनदा निवडतो. तरीही तसं पान दिसलं तर टाकून द्या आणि आम्हाला जरूर कळवा.

पाथरी बहुवर्षायू आहे. मूळ जमिनीत शाबूत राहिलं की ती पुन्हा फुटते, म्हणून आम्ही खुरप्याने वरची पानंच कापतो. मुळाशिवायची जुडी लवकर कोमेजते, हे खरं. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. काही झाडं आम्ही मुद्दाम फुलू देतो. पिवळ्या फुलांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या झाल्या की बी वाऱ्यावर रानभर जातं.

खायची कशी? आमच्या घरी घोळाणाच होतो. पानं धुऊन बारीक चिरायची, त्यात कांदा, शेंगदाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. मीठ अगदी शेवटी घाला, नाहीतर पाणी सुटतं. गरम भाकरीबरोबर पाथरीचा किंचित कडवटपणा फार छान लागतो. मुलांना तो नको असेल तर मूगडाळ घालून परता.

नावावरून बरेच जण विचारतात, मुतखड्यावर चालते का? आम्ही ती भाजी म्हणूनच देतो. आजारासाठी डॉक्टरांनाच विचारा.

तणनाशक मारलेल्या रानातली पाथरी आम्ही घेत नाही. हाताने खुरपणी होणारी रानं कमी होत चालली आहेत, त्यामुळे एखाद्या आठवड्यात जुडी येणार नाही. तिचे पैसे पुढच्या हिशोबात वळते करू.